लघवीची घाई लागते, दम निघत नाही: घरी करायचा तीन महिन्यांचा सराव

"मॅडम, उठली का झालीच. दमच नाई निघत."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. बाया येतात त्या गुडघ्यासाठी, कंबरेसाठी, मानेसाठी. तपासणी होते, व्यायाम सांगून होतात, चपला पायात जातात आणि मग दाराशी थांबून, मागे कुणी नाही ना हे पाहून, हे वाक्य येतं. बहुतेक वेळा चार-पाच वर्षं अंगावर काढल्यानंतर.

माझ्या आईनं पन्नाशीनंतर एसटीनं प्रवास करणं सोडलं होतं. लग्नाला नाही, माहेरी नाही. आम्ही समजत होतो गुडघे दुखतात. खरं कारण तिनं मला मी शिकून परत आल्यावर सांगितलं. त्याआधी एकदा हिंमत करून तिनं एका डॉक्टरांना विचारलं होतं, आणि "वयानं होते तसं" एवढंच उत्तर मिळालं होतं. त्यानंतर सहा वर्षं ती गप्प राहिली. त्या सहा वर्षांचा मला आजही राग येतो, कारण वय वाढलं म्हणून हे सोसायलाच हवं असं मुळीच नाही.

आपल्याकडे बायकांची ही गप्प राहण्याची सवय किती जुनी आहे, ते गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी आकड्यांत दाखवलं. दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'द लॅन्सेट'मध्ये त्यांनी ते मांडलं. ९२ टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास लघवीच्या घाईचा नव्हता. पण ज्या दुखण्याबद्दल बाया निदान एकमेकींशी तरी बोलतात त्याची ही गत असेल, तर लघवीची काय असेल?

हा लेख त्या दाराशी थांबणाऱ्या बाईसाठी आहे. तिला वाचता येत नसेल तर तिच्या मुलीसाठी, सुनेसाठी, आणि गावच्या आशाताईसाठी.

आत नेमकं काय होतं

आधी शब्दाचा घोळ मिटवते. खेड्यात "पिशवी" म्हटलं की गर्भपिशवी. मी इथे बोलतेय ती लघवीची पिशवी, म्हणजे मूत्राशय. ती गर्भपिशवीच्या पुढे असते आणि तिचं काम वेगळं आहे. हे मुद्दाम सांगते, कारण लघवीच्या घाईवर उपाय म्हणून "पिशवी काढून टाका" हा सल्ला घेऊन आलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. गर्भपिशवी काढल्यानं लघवीची घाई बरी होत नाही. पिशवी काढण्याला दुसरं काही कारण असेल तर ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या, पण या कारणासाठी होकार देऊ नका.

लघवीच्या पिशवीची भिंत स्नायूची असते. पिशवी भरत असते तेव्हा ही भिंत सैल राहते, आणि आपण लघवीला बसलो की ती आवळून लघवी बाहेर ढकलते. साधारण दीडशे-दोनशे मिली भरली की पहिली जाणीव होते, आणि तीनशे ते पाचशे मिलीपर्यंत पिशवी आरामात धरू शकते. घाईच्या दुखण्यात ही भिंत उतावळी होते. थोडंसं भरलं तरी आपण परवानगी देण्याआधीच ती आवळायला लागते. तीच ती अचानक येणारी कळ.

पिशवीच्या खाली, समोरच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. लेकराला निजवायला लुगड्याची झोळी बांधतो ना, तशी. तिच्यातून तीन वाटा बाहेर जातात: लघवीची, बाळंतपणाची आणि संडासची. बाळंतपणं, जुना खोकला, कुंथून कुंथून संडासला बसणं, वर्षानुवर्षं डोक्यावर वाहिलेले पाण्याचे गुंड आणि भारे, पाळी गेल्यानंतरचा अशक्तपणा, या सगळ्यांनी ही झोळी सैल पडते.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही झोळी आवळली की पिशवीच्या भिंतीला आपोआप "थांब" असा निरोप जातो. शरीराची रचनाच तशी आहे. म्हणजे ही झोळी नुसतं दार बंद करत नाही, ती उतावळ्या पिशवीला शांतही करते. म्हणून घाईच्या दुखण्यात ताकद कमावणं हे अर्धंच काम झालं. कळ आली त्या क्षणी ती ताकद वापरता येणं हे उरलेलं अर्धं. नुसता व्यायाम करून "काही फरक नाही" म्हणणाऱ्या बहुतेक बाया या दुसऱ्या अर्ध्यापर्यंत पोचलेल्याच नसतात.

खोकलताना, शिंकताना, हसताना लघवी होत असेल तर तो दुसरा प्रकार. कित्येकींना दोन्ही असतात. हा सराव दोन्हीत उपयोगी पडतो.

सुरुवात करण्याआधी एक फेरी दवाखान्याची

प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लघवीची आणि रक्तातल्या साखरेची तपासणी करून घ्या. लघवीत जंतू झाले असतील तर घाई त्यानंच होते, आणि ती गोळ्यांनी जाते. साखर वाढली असेल तर लघवी जास्तच बनते. तिथे व्यायाम एकटा काय करणार? काय बोलायचं ते सुचत नसेल तर हे वाक्य पाठ करून जा: "लघवीची एकदम घाई लागते आणि पोचेपर्यंत कपड्यात होते." बस, पुढचं विचारणं डॉक्टरांचं काम. रक्तदाबाची किंवा इतर कुठली गोळी चालू असेल तर तिची पट्टी सोबत न्या. काही गोळ्यांनी लघवी वाढते, आणि डॉक्टर त्यांची वेळ बदलून देऊ शकतात. मनानं गोळी बंद करू नका.

पुढचं काही असेल तर मात्र घरी सराव करत वेळ घालवू नका: लघवीत रक्त, ताप आणि कमरेत कळा, लघवी तुंबणं किंवा पूर्ण सुटत नाही असं वाटणं, अंग बाहेर येणं, बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर रात्रंदिवस थेंब थेंब गळत राहणं. जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

ही झोळी सापडायची कशी

या व्यायामाला लोक केगेल म्हणतात. आर्नोल्ड केगेल या अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ साली तो मांडला. त्याची एक गोष्ट मोबाइलवरचे व्हिडिओ सांगत नाहीत. बाई बरोबर तोच स्नायू आवळतेय का, हे कळावं म्हणून त्यानं हवेचा दाब मोजणारं एक साधन बनवलं होतं. तोंडी सांगून भागत नाही, हे त्याला माहीत होतं. पुढे १९९१ साली छापल्या गेलेल्या एका अभ्यासात ४७ बायकांना हा व्यायाम थोडक्यात तोंडी समजावून मग तपासलं, तर जेमतेम निम्म्याच बरोबर करत होत्या, आणि चौघींत एक तर उलटं, खाली जोर लावत होती. उलटा व्यायाम नुकसान करतो. म्हणून या भागावर घाई करू नका, चार-पाच दिवस लागले तरी चालतील.

लघवी करून या. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, तळवे जमिनीवर, पायांत वीतभर अंतर. आता असं समजा की चार माणसांत बसलाय आणि वारा सुटेलसं वाटतंय. तो अडवायला मागची वाट जशी आवळाल तशी आवळा. ते आवळणं मागून पुढे लघवीच्या वाटेपर्यंत आणा आणि मग आत, वर, बेंबीकडे ओढा. मागून पुढे, मग वर. एक-दोन सेकंद धरा आणि पूर्ण सोडा.

एक हात पोटावर ठेवा. बेंबीखाली किंचित आत गेलं तर चालतं, पण पोट टणक होऊन वर फुगायला नको. मांड्या एकमेकींवर दाबल्या जायला नकोत, ढुंगण जमिनीवरून उचललं जायला नको. श्वास अडला का ते कळायला सोपी युक्ती आहे: मोठ्यानं आकडे मोजा. आवाज निघतोय म्हणजे श्वास चालू आहे.

खात्री दोन पद्धतींनी करता येते. नख कापलेलं, साबणानं धुतलेलं बोट बाळंतपणाच्या वाटेत दोन पेरं आत घाला आणि आवळा. बोटाभोवती पकड आली आणि बोट आत ओढल्यासारखं झालं तर बरोबर. बोट बाहेर ढकललं गेलं तर तुम्ही जोर लावताय. हे नको वाटत असेल तर बाळंतपणाची वाट आणि संडासची जागा यांच्या मधल्या भागावर कपड्यावरून बोट ठेवा. आवळल्यावर तो भाग बोटापासून दूर, आत गेला पाहिजे. स्वतःच्या अंगाला हात लावण्यात पाप नाही. दुखऱ्या गुडघ्याला आपण लावतोच ना?

लघवी करता करता मधेच अडवून सराव करा, असं कुणी सांगितलं असेल तर ते सोडून द्या. त्यानं पिशवी पूर्ण रिकामी होण्याची सवय बिघडते.

कधी कधी झोळी सैल नसते, उलट सतत आखडलेली असते. संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीची धार अडखळते, आवळताना वेदना होते. अशा बाईनं आवळण्याचा सराव करू नये. तिला आधी सोडायला शिकावं लागतं, आणि त्यासाठी फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

तीन महिन्यांचा क्रम

दिवसातून तीन वेळा, दर वेळी पाच-सात मिनिटं. दर वेळी आधी लघवी करून या. वेळ कामाशी बांधली तर विसरायला होत नाही: सकाळी चहा ठेवण्याआधी, दुपारी जेवणानंतर जरा आडवं झाल्यावर, रात्री अंथरुणात.

पहिले दोन आठवडे झोपूनच. आवळा, "एक, दोन, तीन" मोजेपर्यंत धरा, सोडा, आणि सहा मोजेपर्यंत सोडलेलंच राहू द्या. असं आठ वेळा. तीन सेकंदही धरता येत नसेल तर दोन धरा. आपली सुरुवात शेजारणीच्या सुरुवातीशी ताडून पाहू नका. मग मिनिटभर थांबून पाच झटपट आवळण्या: आवळा-सोडा, आवळा-सोडा. कळ आली की उपयोगी पडणार आहेत त्या याच, म्हणून या गाळायच्या नाहीत.

सोडणं हाही व्यायामाचाच भाग आहे. पूर्ण न सोडता पुढची आवळणी केली तर स्नायू थकतो, आणि थकलेली झोळी संध्याकाळी जास्त गळते. "मी तर दिवसभर करत असते" असं एक काकू मला अभिमानानं सांगत होत्या आणि त्रास वाढलाय म्हणून रडतही होत्या. सराव कमी केला, बरं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत बसून: पाटावर, खुर्चीवर, खाटेच्या कडेवर. पाठ ताठ, पाय टेकलेले. धरायची वेळ पाच-सहा सेकंदांवर न्या, तेवढाच वेळ सोडा, आठ ते दहा वेळा. झटपट आवळण्या आठ-दहा. बसल्यावर वरचा भार झोळीवर येतो, त्यामुळे पहिले दोन दिवस आपण मागे गेलो असं वाटेल. ते तसंच असतं.

सातव्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत उभ्यानं, आणि जमेल तसं अर्धवट वाकून, कारण आपलं काम वाकूनच असतं: निंदण, रोवणी, सोंगणी, भांडी. आठ ते दहा सेकंद धरणं, दहा वेळा, आणि दहा झटपट. याच काळात एक सवय लावा. गुंड उचलण्याआधी, खोकण्याआधी, बसल्या जागेवरून उठण्याआधी आवळा आणि मग काम करा. उचलताना श्वास सोडा.

फरक बहुतेकींना सहा ते आठ आठवड्यांनी जाणवतो. तीन महिने पूर्ण होण्याआधी "जमत नाही" असा निकाल देऊ नका. स्नायू कमवायला तेवढा वेळ लागतोच, मग तो दंडाचा असो की हा.

कळ आली त्या क्षणी

आता त्या उरलेल्या अर्ध्याकडे येते. हा भाग दोनदा वाचा.

कळ आली की आपण काय करतो? धावतो. डोक्यावरचा भारा टाकतो आणि लुगडं सावरत न्हाणीकडे पळतो. नेमकं त्या पळण्यातच होतं. धावताना झोळीवर दणके बसतात, मन घाबरतं, आणि पिशवी सगळ्यात जोरात आवळत असते तेव्हाच आपण तिला हलवत असतो.

कळ ही लाटेसारखी असते. चढते, माथ्यावर जाते, उतरते. बहुतेक वेळा हे सगळं मिनिट-दोन मिनिटांत होतं. लघवीला जायचं ते लाट उतरल्यावर.

म्हणून कळ येताच जागच्या जागी थांबा. उभ्या असाल तर पाय एकमेकांवर तिढा घालून उभ्या राहा. धुऱ्यावर, ओट्यावर, दगडावर बसता आलं तर आणखी चांगलं, कारण खालून दाब मिळाला की झोळीला आधार होतो. शेतात बसूनच काम चाललं असेल तर टाच खाली दाबून तिच्यावर बसा. मग पाच-सहा झटपट आवळण्या करा, जोरात आणि एकामागून एक. खांदे सैल सोडा, श्वास तोंडानं हळूहळू सोडा. पायाची बोटं जमिनीत रुतवून पोटऱ्या ताठ केल्या तरी काही जणींची कळ लवकर उतरते, करून पाहा.

त्याच वेळी डोक्याला दुसरं काम द्या. "आता होईल, आता होईल" असा जप चालला तर पिशवीला जोर चढतो. शंभरापासून तीन-तीन वजा करत उलटं मोजा. पऱ्हाटीच्या समोरच्या ओळी मोजा. जात्यावरची एखादी ओवी येत असेल तर ती मनात म्हणा. लाट उतरल्याचं कळतं: पोटातला ताण कमी होतो, घाम थांबतो. मग उठा आणि नेहमीच्या चालीनं चाला. वाटेत पुन्हा कळ आली तर पुन्हा थांबा. न्हाणीपाशी पोचल्यावर, लुगडं वर करण्याआधी, एकदा आवळा. शेवटच्या दोन हातांवरच सगळ्यात जास्त वेळा चुकतं.

हे पहिल्यांदा शेतात किंवा बाजारात करून पाहू नका. घरी, न्हाणीजवळ, एखादं घडीचं कापड लावून करा. पहिल्या आठवड्यात लाट उतरल्यानंतर नुसतं एक मिनिट थांबायचं ठरवा, मग दोन, मग पाच. चुकलं, कपडे ओले झाले, तर कपडे बदला आणि पुढच्या कळेची वाट पाहा. पहिले पंधरा दिवस माझ्या आईचं दहापैकी सात वेळा चुकायचं.

तुमची कळ कशानं सुटते तेही ओळखा. नळाचा किंवा हापशीचा आवाज, थंड पाण्यात हात, घराचं दार नजरेला पडणं. कित्येकींना दिवसभर वावरात काही होत नाही आणि अंगणात पाय ठेवताच धीर सुटतो. मेंदूला लागलेली ती सवय आहे: दार दिसलं की लघवी. ती मोडण्यासाठी दार दिसायच्या आधी, गल्लीच्या तोंडाशीच, चार-पाच आवळण्या करा. घरात शिरल्यावर सरळ न्हाणीत जाऊ नका. आधी भारा ठेवा, चप्पल काढा, लेकराशी दोन शब्द बोला. भांडी घासायला पाण्यात हात घालण्याआधीही तसंच.

लघवीची वही

तीन दिवस, सलग असो वा सुटे, लिहून ठेवा: किती वाजता गेलात, साधारण किती झाली, काय प्यायलात, कधी कपड्यात झाली. मोजायला जुना प्लॅस्टिकचा मग घ्या. अर्ध्या लिटरची बाटली भरून त्यात ओता आणि पाणी आलं तिथे खूण करा. तिच्या निम्म्यावर दुसरी खूण. एवढं पुरे. लिहिता येत नसेल तर दोन वाट्या ठेवा. लघवीला गेलं की एका वाटीत एक चिंचोका, कपड्यात झाली की दुसऱ्या वाटीत एक.

दिवसातून सहा ते आठ वेळा आणि रात्री एखादी वेळ, हे साधारण ठीक समजतात. वहीत पंधरा-सोळा वेळा आणि दर वेळी अर्ध्या खुणेच्याही खाली, असं दिसलं तर पिशवीला थोड्यावरच हाक मारायची सवय लागली आहे. मग वेळापत्रक लावा. समजा आता दर तासाला जावं लागतं. पहिल्या आठवड्यात दर तासालाच जा, कळ असो वा नसो. मधे कळ आली तर वर सांगितलेलं करा. तीन-चार दिवस कोरडे गेले की पंधरा मिनिटं वाढवा. असं करत अडीच-तीन तासांवर आणा. निदान सहा आठवडे हे चालू ठेवा. रात्री मात्र पिशवीची परीक्षा नको. जाग आली, कळ आहे, तर जाऊन या.

"निघायच्या आधी जाऊन येते, लागली नाही तरी" ही सवय बहुतेकींना असते. रोज, प्रत्येक कामाआधी असं केलं तर पिशवी भरण्याआधीच रिकामी व्हायला शिकते. लांबच्या एसटीआधी जा, त्यात काही नाही. किराणा आणायला दहा घरं ओलांडताना नको. माझी आई आता शेगावला एसटीनं जाऊन येते. बसआधी एकदा जाते, आणि उतरल्यावर लाट उतरेपर्यंत स्टँडच्या बाकावर बसून राहते.

पण यवतमाळ, वर्धा, अकोला भागात कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचा प्रश्न उलटा असतो. तिला वावरात आडोसाच नाही. सकाळी सातला निघालेली बाई संध्याकाळपर्यंत अडवून धरते आणि त्यासाठी पाणीच पीत नाही. हा पिशवीचा सराव नव्हे, छळ आहे. तीन-चार तासांनी तिला जाता आलंच पाहिजे. ज्यांच्या वावरात बाया मजुरीला येतात त्यांना माझी विनंती आहे: चार काठ्या आणि एक तट्ट्या लावून कोपऱ्यात आडोसा करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

पाणी आणि चहा

पाणी कमी केलं की लघवी कमी होईल, हे सगळ्यांना पटतं आणि सगळ्यांना फसवतं. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, जळजळते, पिशवीला टोचते आणि घाई वाढते. जंतू होतात ते वेगळंच. साध्या दिवसांत दीड ते दोन लिटर लागतंच. आणि एप्रिल-मे महिन्यांत, चंद्रपूर, नागपूर, अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा, उन्हात काम करणाऱ्या बाईला याहून कितीतरी जास्त लागतं. लघवीच्या भीतीनं त्या दिवसांत पाणी तोडणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. मोजत बसू नका, लघवीचा रंग पाहा. फिकट, वाळल्या गवतासारखा असला की ठीक. गर्द पिवळा म्हणजे पाणी कमी आहे. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर तेच पाळा.

एकदम तांब्याभर रिचवण्यापेक्षा थोडं थोडं प्या. झोपायच्या दोन तास आधीपासून कमी करा. संध्याकाळी पायांवर सूज येत असेल तर रात्र पडायच्या आधी अर्धा-पाऊण तास पाय उशीवर वर घेऊन पडा. ते पाणी तेव्हाच लघवीवाटे निघून जातं, रात्री उठवत नाही.

चहा हा आपला खरा दुखरा मुद्दा आहे. लहान कप असतो, पण कप सात-आठ होतात, पाहुणे आले की दहा. चहातलं कॅफिन पिशवीला चिडवतं आणि लघवीही वाढवतं. एकदम बंद केलात तर डोकं दुखेल. आठवडाभरात एक-एक कमी करत दोनवर या, आणि शेवटचा दुपारी चारच्या आत. कोल्ड्रिंकही त्याच रांगेत.

बाकीचं थोडक्यात

संडास साफ होत नसेल तर मागून पिशवीवर दाब येतो आणि कुंथल्यानं झोळी खाली जाते. ज्वारीची भाकरी, अंबाडी-चवळीसारख्या पालेभाज्या आणि पुरेसं पाणी यांनी भागलं नाही तर औषध मागा. चुलीच्या धुरानं जुना खोकला जडला असेल तर त्याचा इलाज करून घ्या, नाहीतर एका हातानं कमावलेलं दुसऱ्या हातानं जातं. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी गळणं कमी होतं.

घडी लावायला धुवट सुती कापड घ्या, ओलं झालं की बदला, आणि कडक उन्हात वाळवा. आडोशाला, दुसऱ्या कपड्याखाली लपवून नको. जांघेची कातडी ओलीनं सोलवटत असेल तर धुऊन, टिपून, खोबरेल तेलाचा पातळ हात लावा. आतून साबणानं धुऊ नका.

तीन महिन्यांनंतर

बाराव्या आठवड्यात पुन्हा तीन दिवस वही लिहा आणि पहिल्या वहीशेजारी ठेवा. मनाला फरक वाटत नसतो, तो वहीत दिसतो: पंधराची नऊ झालेली असते, चिंचोक्याची दुसरी वाटी रिकामी राहू लागलेली असते. मग तीनऐवजी दिवसातून एकदा सराव पुरतो, पण तो सोडायचा नाही. सोडला की काही महिन्यांत झोळी पुन्हा सैल पडते.

नीट करूनही वहीत काहीच हललं नसेल तर ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर सेवाग्राम, नागपूर, यवतमाळसारख्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयात जा आणि दोन्ही वह्या पुढे ठेवा. त्या पाहिल्यावर "वयानं होते" असं म्हणणं कुणालाही अवघड जाईल. उतावळी पिशवी शांत करणारी औषधं आहेत, पाळी गेलेल्या बाईसाठी लावायचं मलम असतं, आणि फिजिओथेरपिस्ट हातानं तपासून नेमकं कुठे चुकतंय ते सांगू शकते. गोळी सुरू झाली तरी आवळणं आणि थांबणं चालूच ठेवायचं.

मधेच कधी ताप-खोकल्याच्या आजारानंतर, किंवा सोंगणीच्या ओढाताणीत, घाई परत वाढली तर घाबरू नका. लघवी तपासून घ्या, आणि पहिल्या दोन आठवड्यांचा झोपून करायचा सराव पुन्हा सुरू करा. दुसऱ्यांदा झोळी सापडायला चार दिवस लागत नाहीत.